शेवटच्या सरीपासून दारं धरा: वेळ पुरत नाही म्हणणाऱ्यांसाठी

आधी एक कबुली देऊन टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कोण लागून गेली सल्ले द्यायला. तीन वर्षांपूर्वी माझी थायरॉईडची गोळी सलग अकरा दिवस चुकली आणि ते मला कळलं कधी, तर मेडिकलवाला म्हणाला ताई, तुम्ही दर महिन्याच्या सुरुवातीलाच येता, ह्या वेळी दिसलाच नाही. त्याच अकरा दिवसांत मी सतरा व्यापाऱ्यांचे रिटर्न वेळेत भरले होते, नणंदेच्या वास्तुशांतीला दीडशे माणसांच्या पंगतीत उभी राहिले होते आणि पोरीच्या प्रोजेक्टसाठी रात्री बारा वाजता पुठ्ठ्याचा ज्वालामुखी चिकटवत बसले होते. म्हणजे कामं होत नव्हती असं काही नाही, सगळ्यांची होत होती, माझंच तेवढं राहत होतं.

मी सांगलीत गावभागात राहते. गणपती पेठेजवळ एका टॅक्सच्या ऑफिसात नोकरी, हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं माझ्याकडं. सासर तासगाव तालुक्यात, तिथं एकरभर ऊस आणि अर्धा एकर द्राक्षबाग, सासू-सासरे तिकडं, आम्ही तिघं इकडं, आणि शनिवारी संध्याकाळी पिशव्या भरून गावाकडं. आता ह्यात कुणी सांगितलं की पहाटे पाचला उठा, ध्यान करा, डायरी लिहा, तर माझ्याकडं पहाटे पाचला नळाचं पाणी येतं आणि त्यातच माझं ध्यान असतं.

ते परदेशी तक्ते वगैरे मी सगळे करून बघितलेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या 1954 च्या भाषणातून आलेला तो चार खान्यांचा तक्ता, अर्जंट आणि महत्त्वाचं, अर्जंट पण बिनमहत्त्वाचं असा. चांगला आहे. पण आमच्याकडं प्रत्येक माणूस आपलं काम पहिल्याच खान्यात टाकून जातो, बाकीचे तीन खाने रिकामे. मला खरं कळलं ते मामांकडून.

आमचे मामा म्हणजे सासरे. शेतीच्या लाईटची तेव्हा पाळी असायची, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची, आणि लाईट आहे तेवढ्या तासांत जेवढं भिजेल तेवढं. एका रात्री हे आणि दीर दोघंही गावात नव्हते, मग मी बॅटरी घेऊन मामांबरोबर दारं धरायला, म्हणजे एकेका सरीत पाटाचं पाणी सोडायला, गेले. मी आपली मोटरीजवळच्या पहिल्या सरीला दार मोडायला निघाले, तर मामा म्हणाले, "अगं, तिकडनं नको. ह्या जवळच्या सऱ्यांला पाटाची ओल मिळतीच की येता-जाता. आधी पार शेवटाला जायाचं, तिथनं मागं मागं यायाचं. लाईट गेली तर जवळचं राहू दे, ते उद्या दहा मिंटात हुतंय. लांबचं राहिलं तर ते वाळतंय, आन् कुणाला दिसत बी न्हाई."

मी तिथंच उभी राहिले चिखलात. दिवसभर मी जवळच्या सऱ्याच भिजवत होते. फोन वाजला की फोन, बेल वाजली की दार, साहेबांनी हाक मारली की साहेब. आणि पार टोकाला काय होतं, तर माझी गोळी, पोरीचं गणित, आईला फोन, चालणं. ती कधी हाक मारत नाहीत, नुसती वाळत जातात.

तर तुम्हालाही पहिलं काम हेच, की तुमची शेवटची सरी कुठली ते शोधा. सोपी खूण आहे: जे राहिलं तर आज कुणीही ओरडणार नाही पण वर्षभरानं तुम्हीच रडाल, ते. अशी फार नसतात, तीन-चार निघतील. दहा निघाली तर त्यातली सहा तुमच्या मनातली नाहीत, शेजारणीला बघून घेतलेली आहेत.

आठवडाभर नुसतं लिहून काढा

सुधारणा वगैरे काही करायची नाही, फक्त एक आठवडा चाळीस पानी वहीत लिहायचं, कितीला काय केलं. खोटं लिहायचं नाही, वही कुणी बघणार नाहीये. आठवड्याचे तास 168, सगळ्यांना तेवढेच. माझा हिशेब असा निघाला: झोप सात धरली तर 49, ऑफिस जाण्यायेण्यासकट रोज नऊ असे सहा दिवस 54, स्वयंपाक, धुणं, आवराआवर रोजचे चार म्हणजे 28, अंघोळ-जेवण-चहा रोज दोन म्हणजे 14. झाले 145. राहिले 23. मी म्हटलं अरे वा, तेवीस तास! मग फोनमध्ये जाऊन स्क्रीन टाईम बघितला तर रोजचा अडीच तास. साडेसतरा तिथं गेले. राहिले साडेपाच, आणि त्यात शनिवार-रविवारची तासगावची फेरी अजून धरलीच नव्हती.

मग मी फोनला शिव्या दिल्या, ॲप काढून टाकलं, चौथ्या दिवशी परत घेतलं. म्हणून फोन पूर्ण बंद करा असं मी सांगत नाही, मला स्वतःला दुपारच्या डब्यानंतर रील बघायला आवडतात आणि मी बघते. पण सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री गादीवर, हे दोन वेळचे अर्धे-अर्धे तास काढले तरी आठवड्याला सात तास हातात येतात. माझा फोन आता रात्री फ्रीजवर चार्जिंगला असतो आणि उठायला तीनशे रुपयांचं घड्याळ आणलंय, भयंकर आवाज आहे त्याचा, आमचे हे रोज त्याला शिव्या देतात.

दुसऱ्यांनी ठरवलेल्या वेळा आधी मांडा

पुस्तकी प्लॅनिंग इथंच फसतं, ते गृहीत धरतं की दिवस तुमचा आहे. आपला नसतो. नळाला पाणी कधी, पोरीची रिक्षा कधी, डेअरीला दूध किती वाजेपर्यंत घेतात, ऊसतोडीची टोळी कधी येणार, ह्यातलं काहीच आपल्या हातात नाही. मग ते आधी कॅलेंडरवर टाकायचं. मोबाईलमधल्या नव्हे, भिंतीवरच्या, जिथं दुधाचा हिशेब लिहितो तिथंच, कारण तो घरातल्या सगळ्यांना दिसतो. माझ्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या 7 ला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, 11 ला जीएसटीआर-वन आणि 20 ला थ्री-बी ही जीएसटीची दोन रिटर्न, असे लाल गोल असतात. 18 ते 20 मला कुणी जेवायला बोलवायचं नाही, मी पण कुणाला बोलवत नाही, हे आता आत्यांना, म्हणजे सासूबाईंना सुद्धा पाठ झालंय. पूर्वी त्याच दिवसांत मी पाहुणे घ्यायची, मग चिडायची, मग पाहुण्यांना वाटायचं आपण आलेलं आवडलं नाही. तारीख भिंतीवर आली आणि अर्धी भांडणं तिथंच संपली.

बागेचं पण त्यातच लिहिते. ऑक्टोबरात छाटणी झाली की नोव्हेंबर-डिसेंबरात डिपिंग आणि विरळणी येते, आणि ती कामं थांबत नाहीत, मण्यांचा आकार पुढं गेला की मग घड औषधात बुडवून काय उपयोग. तर ह्या झाल्या वेळ चुकवता न येणाऱ्या गोष्टी. आता बाकीच्या कामांकडं बघा, त्यातल्या निम्म्यांना अशी वेळच नसते, आपणच त्यांना आजच्या आज म्हणून डोक्यावर घेतलेलं असतं. माळा झाडायचा होता मला दोन महिने, रोज मनात बोचायचं. माळ्याला काय फरक पडत होता?

रोज एकच सरी, पण शेवटची

आता मुख्य. सकाळी पाणी भरून झालं की फोन हातात घ्यायच्या आधी अर्धा तास माझा. आमराईत तीन चकरा मारून येते. पाऊस असला तर घरातच गोळी घेऊन चहा होईपर्यंत जरा अंग मोकळं करते, थायरॉईडच्या गोळीनंतर चहाला तसंही थांबावंच लागतं, मला डॉक्टरांनी निदान अर्धा तास सांगितलंय, तर तोच अर्धा तास पकडला. हे फार कामाचं आहे बघा, नवीन सवय एकटी टिकत नाही, तिला आधीच्या कशाला तरी बांधायची. संध्याकाळी कुकर लावला की शिट्ट्या होऊन कुकर निवेपर्यंत पोरीबरोबर गणित, ओट्यापाशीच, ती पाटावर बसते. वीस-पंचवीस मिनिटं होतात. इटलीच्या फ्रान्सेस्को चिरिलोनं 1980 च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोसारख्या दिसणाऱ्या किचन टायमरवर 25 मिनिटांची पद्धत काढली, पोमोदोरो म्हणतात तिला, इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटोच. आमच्याकडं टोमॅटो नाही, कुकर आहे.

तीस मिनिटंच का, दोन तास का नाही? कारण दोन तास मी सोमवारी करते आणि मंगळवारपासून करत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं एकदम जिम, योगा आणि इंग्लिशचा क्लास असं तिन्ही एकाच महिन्यात चालू केलं, पैसे भरून. पुढं काय झालं ते सांगत नाही, तिला वाईट वाटेल.

अंदाजाला दीडपट लावा

एक खोड सगळ्यांना असते, आपल्या कामाला किती वेळ लागेल हे आपण कायम कमी सांगतो. कानेमान आणि ट्वर्स्की ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच ह्याला नाव दिलंय, प्लॅनिंग फॅलसी. गंमत म्हणजे आधीच्या वेळी उशीर झालेला माहीत असून पण पुढच्या वेळी माणूस तोच अंदाज सांगतो. मी एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याचं रिटर्न चाळीस मिनिटांत होतं म्हणून छातीठोक सांगायची. वहीत बघितलं तर तीन महिने सलग सव्वा तासाच्या खाली एकदा पण नाही, कारण बिलं जुळत नाहीत, मग फोन, मग तो म्हणतो मुनीम जेवायला गेलाय. आता मी मनातल्या अंदाजाला सरळ दीडपट करते आणि जिथं दुसऱ्या माणसाकडून काही यायचंय तिथं दुप्पट. दिवस भरगच्च लिहायचा नाही, दुपारी एक तास मोकळा ठेवायचा. तो मोकळा राहत नाहीच, काहीतरी येऊन बसतं, पण त्याच्यासाठीच तर ठेवलाय.

ह्याच्या उलट बाजू पण आहे. 1955 मध्ये पार्किन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थानं लिहून ठेवलंय की काम जेवढा वेळ द्याल तेवढं फुगतं. आवरायला अख्खा रविवार दिला की अख्खा रविवार जातो. पाहुणे अर्ध्या तासात येतोय म्हणाले तर तेच घर अर्ध्या तासात आवरतं, हे प्रत्येक बाईला माहिती आहे.

"बघते" हा शब्द सोडा

हे मला सगळ्यात जड गेलं. आपल्याकडं सरळ नाही म्हणायची पद्धत नाही, आपण म्हणतो "बघते की", "बघूया". म्हणणाऱ्याच्या मनात ते नाही असतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात ते हो असतं. मग तो माणूस वाट बघत बसतो आणि आपण त्याला टाळत फिरतो, आणि टाळण्यात जेवढा जीव जातो तेवढ्यात ते काम झालं असतं. त्यापेक्षा तारीख सांगा. "आज नाही जमणार, गुरुवारी सकाळी करून देते." नाहीतर "ह्या महिन्यात मला होणार नाही, दुसरं कुणाला तरी सांगा." पहिल्यांदा तोंडातून येत नाही, घशात अडकतं. मी आरशासमोर म्हणून बघितलंय, हसू नका.

व्यापारी रात्री दहाला व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो टाकायचे, तिरके, अर्धे अंगठ्याखाली झाकलेले. मी सगळ्यांना सांगितलं की बिलं 5 तारखेपर्यंत, आणि संध्याकाळी सातनंतर आलेलं दुसऱ्या दिवशी अकराला बघणार. साहेबांना आधी विचारून घेतलं होतं, ते विसरू नका, नोकरीत असाल तर आधी वर बोलून घ्यायचं. दोघं रुसले, एकजण दुसरीकडं गेला. बाकीचे पाठवतात वेळेत. म्हणजे एवढी वर्षं ते पाठवू शकत होते, मीच कधी सांगितलं नव्हतं.

लग्नसराईचं सांगते, कारण आपल्याकडं खरा वेळ तिथं जातो. साखरपुडा, हळद, लग्न, पूजा, गोंधळ, एका लग्नाला पाच आमंत्रणं. मी आता जवळच्यांच्यात सगळीकडं, लांबच्यांच्यात फक्त अक्षतांना, आणि अगदी लांबचं असलं तर आमच्या ह्यांना एकट्यांना पाठवते, घरातलं एक तोंड दिसलं की झालं. पण मयत आणि रक्षाविसर्जन मी चुकवत नाही, 20 तारीख असली तरी. सुखात आपण नसलो तर फोटोत कमी पडतो एवढंच, दुःखात नसलो तर माणूस लक्षात ठेवतो, आणि ठेवावंच. द्राक्षाची विरळणी करताना बायका चांगले धडधाकट मणी कातरून खाली टाकतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कसंतरीच झालं होतं. किडके नव्हते ते. पण सगळे ठेवले तर एकाला पण फुगायला जागा मिळत नाही.

घरात मदत नको, वाटणी

बायकांसाठी लिहितेय, पुरुषांनी पण वाचावं. "मदत करतो" म्हटलं की काम तुमचंच राहतं, समोरचा हातभार लावतो आणि तो पण सांगितल्यावर. कधी, किती, काय संपलंय हे लक्षात ठेवायचं डोकं तुमचंच. आम्ही भांडून भांडून अखेर कामं अख्खीच वाटली. दूध, भाजी आणि गॅस पूर्ण ह्यांच्याकडं, संपला सिलिंडर तर माझी जबाबदारी नाही. एकदा संपला. रविवारी दुपारी. मी शांत बसले, मोठ्या मुश्किलीनं, आणि हे इंडक्शन शोधत फिरले घरभर. त्यानंतर संपला नाही. पोरीकडं पाण्याच्या बाटल्या आणि स्वतःचा डबा घासायचं. घासते ती, तेलकट राहतो थोडा, राहू दे.

इशारा पातळी ठरवून ठेवा

सांगलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट ते विचारत असतो, 40 ला इशारा, 45 ला धोका. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा ज्यांनी इशाऱ्यालाच सामान वर चढवलं होतं त्यांचं थोडं तरी वाचलं, जे म्हणाले बघू अजून, त्यांचं कपाट पाण्यात. आम्ही दुसऱ्यांतले.

तसं आपलं स्वतःचं ठरवायचं, पाणी कमी असतानाच, कारण पूर आल्यावर कुणाला कळत नाही. माझा इशारा असा: सलग तीन रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप, किंवा पोरीवर विनाकारण ओरडणं एका आठवड्यात दोनदा, किंवा गोळी चुकणं. ह्यातलं एक झालं की पुढचे सात दिवस नवीन काहीही अंगावर घ्यायचं नाही, कुणाचंही, देवाचं असलं तरी. दोन झाली की शनिवारी गावाकडं जात नाही, घरी झोपते. पहिल्यांदा आत्यांना फोन करून सांगितलं तर पलीकडून आवाज नाही बराच वेळ. मग म्हणाल्या, "झोप की मग. मलाबी कुणी म्हटलं न्हाई कधी झोप म्हणून."

आणि झोपेत काटकसर करू नका. मोठ्या माणसाला रात्रीची निदान सात तास लागते असं डॉक्टर मंडळी सांगतात, ती पाच करून जे दोन तास मिळतात त्यात केलेलं काम मी दुसऱ्या दिवशी परत करते. एकदा रात्री दीडला भरलेल्या रिटर्नमध्ये एक शून्य जास्त पडलं होतं. ते निस्तरायला किती वेळ गेला ते वहीत लिहायची पण हिंमत झाली नाही.

हे सगळं मोडतं, हे पण धरून चला. पोरगी तापानं फणफणली, मार्च एंड आला, घरात कुणाला मिरजेला ॲडमिट केलं, की गेलं सगळं. तेव्हासाठी माझ्याकडं फक्त दोन गोष्टींची यादी आहे, गोळी आणि झोप. बाकी आमराई, गणित, वही सगळं माफ. आठवडा गेला तर गेला, भरपाई करायला जायचं नाही, तिथूनच पुढं चालू करायचं, हुकलेली लाईटची पाळी कुणी परत देत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट राहिली, महिना संपला की कॅलेंडरचं पान फाडून टाकू नका, मागं दुमडून ठेवा. गेल्या नोव्हेंबरचं पान माझ्याकडं आहे, त्यावर 19 आणि 20 ला "डिपिंग" आणि "थ्री-बी" एकावर एक लिहिलंय, शाई पसरलीय, आणि खाली कोपऱ्यात पोरीनं लिहिलंय "आई रडली". ह्या वर्षी ते पान मी ऑगस्टमध्येच उलटून बघितलं आणि मामांना फोन केला की यंदा डिपिंगला आमचे हे दोन दिवस रजा काढून येतील, मी 21 ला येते. ते म्हणाले ये निवांत, शेवटाच्या ओळी तुझ्यासाठी ठेवतो.